हरवलेल्याची हाक तोडायची नाही

या, असे जवळ सरका. मागे बसलात तर नीट कळणार नाही, आणि ही गोष्ट सगळी ऐकू येण्याचीच आहे. भोंगेवाल्यांच्या घराची गोष्ट हळू आवाजात सांगावी लागते, ही गंमतच म्हणायची. पण ज्याच्या कृपेने गळ्यातून शब्द फुटतो, त्याला कुजबुज काय आणि गर्जना काय, दोन्ही सारख्याच पोचतात. तेव्हा जवळ या. हे घर दुभंगता दुभंगता राहिलं, त्या संध्याकाळचं सांगतो.

खाली दुकान, वर घर. दुकानात छतापर्यंत रचलेले स्पीकर, खुंट्यांवर वायरींची वेटोळी, आणि डाख दिल्याचा तो जळका वास, जो जिना चढून वर जेवणाच्या टेबलापर्यंत यायचा. बाबा गेल्यापासून दुकान थोरला मुलगा पाहत होता. ताईने रुग्णालयातली नर्सची नोकरी सोडली आणि निर्वासितांच्या गोदामात दवाखाना मांडला, तेव्हा घरात मोठा तमाशा झाला होता. त्यानंतर बहीणभाऊ एका टेबलावर जेवत होते, पण मीठ मागायचं झालं तरी वहिनीमार्फत मागत होते.

त्या दुपारी मात्र ताईने थेट विचारलं.

"कुणाची सभा घेतलीस रे दादा?"

"मैदानावरची."

"मैदान सभा घेत नाही. माणसं घेतात."

थोरल्याने घास तोंडात घातला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही, हे तो लहानपणीच शिकला होता.

"मी सांगते मग," ताई म्हणाली. "गोदाम रिकामं करा म्हणणाऱ्यांची सभा आहे. मैदानाच्या भिंतीला लागून आमचं गोदाम. सभा संपली की ती सगळी माणसं मोर्चाने आमच्या फाटकावर येणार आहेत. तसं छापून भिंतींवर चिकटवलंय त्यांनी. आणि त्यांना चेव आणणारा आवाज कुणाचा? आपला."

वहिनी वाढता वाढता थांबली. 'आमचं गोदाम' आणि 'आपला आवाज', दोन्ही एका दमात. महिन्यापूर्वी ताई 'त्यांचं गोदाम' म्हणायची, हे तिच्या ध्यानात आलं.

पलीकडच्या देशात लढाई पेटली तेव्हा ही माणसं बसगाड्यांतून आली होती. धान्याचं जुनं गोदाम ओस पडलं होतं, ते त्यांना मिळालं. सुरुवातीला गावाने घोंगड्या दिल्या, दूध दिलं. मग दिवस लांबले, कौतुक आटलं, आणि नळाला पाणी कमी आलं तरी लोक गोदामाकडे बोट दाखवायला लागले.

"मी नाही दिला तर दुसरा देईल," थोरला म्हणाला.

"देऊ दे. दुसऱ्याच्या घरात मी जेवत नाही."

"आणि बाबांचं काय? गावात कुणालाही आवाज नाकारायचा नाही, हा नियम त्यांचा आहे. माझा नाही. त्यांनी संपवाल्यांना सेट दिला आणि दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या मालकालाही दिला. तोच सेट!"

"तेच भोंगे," काका मध्येच म्हणाले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. आयुष्य भोंग्याशेजारी बसून गेल्याने त्यांचा डावा कान बाद झाला होता, आणि जे ऐकायचं नसेल त्याच्याकडे ते नेमका तोच कान करायचे. आता मात्र उजवा कान टेबलाकडे होता. "नियम एकटा नव्हता हो. दोन होते. आवाज नाकारायचा नाही, हा पहिला. आणि हरवलेल्याची हाक चालू असली तर ती तोडायची नाही, मग स्टेजवर कुणी का असेना."

"काका, ती गोष्ट नको," थोरला म्हणाला.

"का नको? चांगली आहे की." काका वहिनीकडे वळले. "तुला ठाऊक नाही, सूनबाई. मोठी सभा होती. पुढारी असा रंगात आलेला, आणि दादाने, म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी, त्याचा माईक बंद केला. सरळ बंद! आणि स्वतः बोलायला लागला: लाल टोपी, एका पायात बूट आहे, दुसऱ्यात नाही, नाव विचारलं तर सांगत नाही, जीभ दाखवतो. पुढारी हात हलवतोय, तोंड उघडतोय, मिटतोय, मासा जसा. सगळं मैदान खाली बघतंय, खुर्च्यांखाली, पायांत. शेवटी पोरगं सापडलं कुठे? त्याच पुढाऱ्याच्या स्टेजखाली! गाढ झोपलेलं."

"कुणाचं होतं?"

काकांनी नुसतं थोरल्याकडे पाहिलं. वहिनीला हसू आवरेना. "अहो, जीभ दाखवायचात तुम्ही?"

ताईसुद्धा हसली असती. पण ती उठली आणि आईच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "आई, तू बोल. दुकान अजून तुझ्या नावावर आहे. तू नाही म्हणालीस तर सेट जाणार नाही."

आता सगळे आईकडे बघायला लागले. आईचं एकच वेड होतं, गाऊन सांगितलेलं प्रवचन. कुठेही असो, ती पहिल्या रांगेत डोळे मिटून बसायची आणि घरी येऊन दोन दिवस त्याच ओळी गुणगुणत भांडी घासायची. बाबांनी पहिला भोंगा खांद्यावर घेतला तो अशाच एका गाणाऱ्या प्रवचनकारासाठी, आणि आईने बाबांना प्रथम पाहिलं ते त्या भोंग्याच्या मागे.

"ते म्हणायचे," आई हळू बोलली, "देवाने तोंड देताना माणूस पारखून दिलं नाही. मग भोंगा देताना आपण पारखणारे कोण?"

"देवाने तोंड दिलं, आई. भोंगा नाही दिला."

आईला हे आवडलं. ओठांच्या कोपऱ्यात आलेलं हसू तिने पदराने टिपलं. मग बराच वेळ ती ताटातल्या शितांशी खेळत राहिली. मुलीचं बरोबर होतं. मुलाचंही चूक नव्हतं. आणि ज्याला ती रोज सकाळी हात जोडायची, तो या वेळी काहीच सुचवत नव्हता.

"सेट जाऊ दे," ती म्हणाली. थोरल्याने श्वास सोडला. "पण त्यांचे नियम पाळायचे तर सगळे पाळायचे. सोयीचा तेवढा नाही. आणि मी येणार मैदानावर. सेटजवळ बसणार."

"म्हणजे तूही त्यांच्यातच," ताई म्हणाली.

"अगं..."

"नाही, ठीक आहे. सभा होऊ दे. त्यानंतर मी गोदामातच राहायला जाते. माझी खोली तुम्हाला स्पीकर ठेवायला होईल."

ती जिना उतरून गेली. थोरला जेवत राहिला, पण घास फिरत होता हे वहिनीने पाहिलं.

*

सभेच्या आदल्या दिवशी ताई दुकानात आली तेव्हा थोरला मैदानावर खांब उभे करायला गेला होता. तो नाही हे बघूनच ती आली होती.

"वहिनी, बिनवायरचा माईक मिळेल एक? आमच्याकडे जुना भोंगा आहे, तुम्हीच दिलेला. पण माईकची वायर फाटकापर्यंत पुरत नाही."

"फाटकावर कशाला?"

"मास्तरीणबाईंना हाक द्यायची असते."

मास्तरीणबाई पलीकडे शाळेत शिकवायच्या. आता गोदामात राहायच्या. संध्याकाळी नवी बस आली की त्या फाटकाशी उभ्या राहून हरवलेल्यांना हाका मारायच्या. कुणाची आई वाटेत सुटली, कुणाचा भाऊ. सगळ्यांचं त्यांना तोंडपाठ होतं. पण नावं त्या घेत नव्हत्या. नावावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळतं, आणि ते कळलं की बसमधली माणसं मान खाली घालतात, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून त्या फक्त खुणा सांगायच्या.

"एखादा ओ देतो का?"

"क्वचित." ताईने एका स्पीकरवरची धूळ बोटाने पुसली. "पण ज्यांचे हरवलेत ना, ते रोज त्या वेळी कपडे नीटनेटके करून बसतात."

वहिनी उठली. तिने कपाट उघडलं. नवऱ्याला न विचारता तिने या दुकानातली वस्तू कधी कुणाला दिली नव्हती. तिने एक माईक आणि त्याचा आवाज पकडून भोंग्याला देणारा डबा बाहेर काढला आणि मागे बसलेल्या काकांना मोठ्याने विचारलं, "हा दिला तर चालेल ना? दुसरा उद्या सभेला लागणार आहे."

"ने, ने. कुठलाही ने," काका वायर गुंडाळत म्हणाले. "सगळे एकाच चॅनलवर लावून ठेवलेत मी. कुठलाही माईक कुठल्याही डब्याला चालतो. उगाच डोक्याला ताप नको."

बाहेरच्या कुठल्याही साउंडवाल्याने हे ऐकून कपाळावर हात मारला असता. पण या घराचे बिनवायरचे माईक कधी एका दिवशी दोन ठिकाणी गेलेच नव्हते.

ताईने माईक पिशवीत घातला. दारापर्यंत गेली आणि वळली. "दादाला सांगणार?"

"विचारलं तर," वहिनी म्हणाली. "ते विचारत नाहीत. तोंड भरलेलं असतं."

*

मैदान भरलं होतं. थोरला स्टेजच्या बाजूला मिक्सरच्या टेबलाशी बसला होता, उजवीकडे काका, मागे स्पीकरच्या रिकाम्या खोक्यावर आई. आवाज स्वच्छ होता, मागच्या टोकापर्यंत जात होता. एरवी अशा वेळी त्याला आपल्या कामाचं बरं वाटायचं. आज त्याची नजर सारखी भिंतीकडे जात होती. भिंतीपलीकडे गोदामाचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं.

मुख्य वक्त्याची गाडी यायची होती. तो फिरत फिरत बोलायचा, म्हणून त्याच्यासाठी बिनवायरचा माईक टेबलावर बंद ठेवला होता. पण त्याचा डबा चालू, बटण वर, कारण तो कधीही येईल. तोवर आयोजक, ज्याला सगळे मफलरवाला म्हणायचे, वायरच्या माईकवरून सभा तापवत होता.

"आपल्या दवाखान्यात रांगा कुणामुळे?"

"त्यांच्यामुळे!" लोक ओरडले.

"आपल्या शाळांत..."

आणि तेवढ्यात सगळ्या भोंग्यांतून एका बाईचा आवाज आला. शांत, थोडा बसलेला, वर्गात शिकवून शिकवून कमावलेला.

"डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बोलायच्या आधी हसतो."

मफलरवाला थांबला.

"उंच मुलगी. केस कापलेले. कडेवर धाकटी बहीण असेल. ती बहीण फक्त तिच्याच हातून खाते."

आता जे झालं ते कुणी ठरवून झालं नाही. मोठ्या सभेत हरवलेल्याची हाक आली की माणूस काय करतो? आजूबाजूला बघतो. ती खोड आपल्या मानेतच असते. हजार माना वळल्या. बायकांनी पायांत पाहिलं. पुढच्या रांगेतल्या एकाने शेजाऱ्याचा डावा हात धरून उचलला, "बघू रे तुझी करंगळी!" दोघेतिघे हसले, पण बघत राहिले.

"कोण हरवलंय?"

"मुलगी म्हणाली ना, कडेवर बहीण..."

"अरे, वाट द्या, मागे लहान मुलं आहेत, बघा तिकडे!"

थोरल्याला एका क्षणात सगळं कळलं. कपाट, एक माईक कमी, काकांचा एकच चॅनल, गोदामातला आवाज पकडणारा इथला डबा, आणि बायको सकाळपासून त्याच्या डोळ्याला डोळा का भिडवत नव्हती तेही. त्याचा हात बटणावर गेला. एवढंसं बटण. खाली ओढलं की आवाज बंद, आणि उद्या कुणी काही विचारणार नाही.

त्याने काकांकडे पाहिलं. काकांनी मफलरवाल्याकडे डावा कान केला होता. त्याने आईकडे पाहिलं. तिने काहीतरी खूण करावी असं त्याला फार वाटलं. पण ती डोळे मिटून बसली होती, प्रवचनात बसते तशी.

लाल टोपी, एका पायात बूट. स्टेजखालची ती जागा त्याला आठवत होती, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटायचं तो झोपला होता. तो झोपला नव्हता. अंधारात गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, आणि वरून, सगळीकडून, बाबांचा आवाज त्याचं वर्णन करत होता. आपण हरवलोय हे त्याला भोंग्यावरूनच कळलं होतं. आणि आपल्याला शोधतायत, हेही.

"साउंडवाले!" मफलरवाला वरून वाकला. "बंद करा ते!"

"हरवलेल्यांची हाक आहे," थोरला म्हणाला. "संपली की करतो."

"कुणाच्या हरवलेल्यांची?"

"हरवलेल्यांची."

"अहो, ती त्या गोदामातली बाई आहे!"

त्याच्या हातातला वायरचा माईक चालूच होता. हे वाक्य सगळ्या मैदानाने ऐकलं. कुणीतरी शिट्टी मारली, एका कोपऱ्यातून घोषणा उठली. पण वळलेल्या माना इतक्या पटकन परत फिरत नाहीत. पुढे बसलेली एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "मग असू दे की. पुरतं सांगू दे तिला. आई असेल कुणाची."

भोंग्यांत मास्तरीणबाईंनी जरा श्वास घेतला. "आणि शेवटी माझा," त्या म्हणाल्या. "मिसरूड नुकतं फुटलंय. डाव्या भुवईत खंड आहे, झोपाळ्यावरून पडल्याचा. चालताना..."

खट्. वक्त्याची गाडी आली होती. मफलरवाल्याने टेबलावरचा माईक झडप घालून उचलला होता आणि त्याचं बटण दाबलं होतं. जवळच्या माईकपुढे लांबचा टिकत नाही. मास्तरीणबाईंचा आवाज नाहीसा झाला आणि त्या जागी मफलरवाल्याची धाप ऐकू आली. "तर बंधूंनो..."

थोरला उभा राहिला. त्याने मुख्य खटका खाली ओढला.

सगळे भोंगे एकदम मेले. मफलरवाला तोंड उघडत होता, मिटत होता. आणि त्या एवढ्या मोठ्या शांततेत भिंतीपलीकडून, गोदामाच्या त्या जुन्या भोंग्यातून, बारीक आवाज आला. बाई थांबल्याच नव्हत्या. त्या आपल्या फाटकाशी उभ्या राहून बोलत होत्या.

"...चालताना गुणगुणतो. सूर चुकतो. आणि चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो."

मग तो आवाजही थांबला. थोरल्याने अजून थोडं थांबून पाहिलं, कुणी ओ देतंय का. मग त्याने खटका वर केला.

"आता बोला," तो मफलरवाल्याला म्हणाला. "आवाज तुमचा आहे. नाकारलेला नाही. आधी हाक, मग भाषण. आमच्या सेटचा नियम आहे."

आईने डोळे उघडले. "बस खाली, बाळा," ती म्हणाली.

*

खोटं कशाला सांगू? भाषण झालं. वक्ता बोलला, जोरात बोलला. मोर्चाही निघाला. पण मैदानावरचे कितीतरी जण मुलं कडेवर घेऊन घरच्या वाटेला लागले होते, आणि फाटकापर्यंत पोचले ते मूठभरच. त्यांनी घोषणा दिल्या, एक खिडकी फोडली. ताई आणि मास्तरीणबाई फाटकाच्या आत एकमेकींचा हात धरून उभ्या होत्या. मग तीही माणसं पांगली.

जाता जाता कुणीतरी दोन भोंगे लाथा घालून चेपले. त्यानंतर बरेच महिने त्या बाजूची एकही सभा दुकानाला मिळाली नाही, आणि मिळाली असती तरी दिली असती, असं थोरला अजून म्हणतो. ताई त्यावर अजून भांडते.

पण त्या संध्याकाळी ती मैदानावर आली. भाऊ खाली बसून वायर गुंडाळत होता. तिने दुसरं टोक उचललं.

"उलटी गुंडाळतेस," थोरला म्हणाला. "पीळ पडतो."

"लहानपणापासून उलटीच गुंडाळते."

"म्हणून तर लहानपणापासून मी परत सोडवतो."

ती हसली नाही, पण तिने वायर उलटी केली. खोली सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. घरी गेल्यावर थोरल्याने बायकोला एवढंच विचारलं, "कपाटाची किल्ली कुठे असते?" ती म्हणाली, "माझ्याकडे." तो म्हणाला, "तिथेच असू दे." काकांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या माईकांचे चॅनल वेगळे करायला घेतले. आईने करू दिले नाहीत.

आणि एक ऐकायचं राहिलं. सभेच्या दुसऱ्या दिवशी विटांच्या भट्टीवरचा एक मुकादम गोदामाच्या फाटकाशी आला. खिशाला सभेची फीत तशीच टाचलेली. ताईला म्हणाला, "ते करंगळीचं. माझ्या हाताखाली आहे एक. मला वाटलं होतं भित्रा आहे म्हणून हसतो. आधी हसतो, मग बोलतो." त्या रात्री गोदामात एका म्हाताऱ्या बाईला झोप लागली.

मास्तरीणबाईंचा मुलगा मात्र अजून आलेला नाही. त्या अजून रोज फाटकाशी जातात.

तेव्हा तुम्ही इतका वेळ माझ्याजवळ बसलात, तर जाताना माझं एक काम करा. देवापुढे हात जोडाल तेव्हा त्याची आठवण ठेवा, आणि रस्त्याने चालताना कान उघडा ठेवा. मिसरूड नुकतं फुटलेलं, आता जरा दाट झालं असेल. डाव्या भुवईत खंड. चालताना गुणगुणतो, सूर चुकतो, आणि चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. तसं कुणी ऐकू आलं तर थांबवा त्याला, आणि सांगा की तुला शोधतायत.